लेप: गलबताच्या तळापासून मोटारीच्या पत्र्यापर्यंत

मंडळी, पालघरचा किनारा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? सातपाटीची पापलेटे, डहाणूचे चिकू, तारापूरचे अणुवीज केंद्र, बोईसरचे कारखाने. या सगळ्यांना पुरून उरणारी एक अगदी साधी गोष्ट आहे, आणि तिचाच इतिहास आज आपण पाहणार आहोत. ती गोष्ट म्हणजे लेप. लाकडावर, धातूवर, पत्र्यावर काहीतरी पातळ, सारखे, न चुकता पसरून देणे.

आता तुम्ही म्हणाल, लेपाचा कसला आला आहे इतिहास? पण आपल्या भाषेकडेच पाहा ना. जमीन आपण सारवतो, कूड लिंपतो, पोळीला तूप चोपडतो, अंग तेलाने माखतो, गोवऱ्या थापतो, आणि एखाद्याची अब्रू घ्यायची असेल तर त्याच्या तोंडाला काळे फासतो. एकाच क्रियेला इतके शब्द! प्रत्येकाची जाडी वेगळी, हात वेगळा. सारवणारी बाई मागे मागे सरकत जाते आणि हाताचा एक अर्धगोल दुसऱ्यावर थोडा चढवत नेते. मध्ये फट राहिली तर तिथली माती उकलते, जाड थर बसला तर तो वाळताना तडकतो. लेपाचे सगळे शास्त्र या एका घरकामात आहे. पुढे गलबते आली, मोटारी आल्या, तरी ते शास्त्र काही बदलले नाही.

पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे जिल्हा नवा. पण त्याचा किनारा फार जुना. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला, आणि त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथे सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात सोपाऱ्याचे नाव आहे. बंदर म्हटले की जहाज आले, आणि जहाज म्हटले की त्याच्या तळाची काळजी आली.

त्या काळची अरबी समुद्रातली पुष्कळ जहाजे खिळ्यांनी जोडलेली नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी तेराव्या शतकाच्या शेवटी या समुद्रातून गेला. ठाण्याच्या राज्याचेही वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. होर्मुझच्या बंदरातली शिवलेली जहाजे पाहून त्याचा जीव दडपला. तो सांगतो, ही जहाजे नारळाच्या काथ्याने शिवतात आणि त्यांना डांबर लावत नाहीत, नुसते माशाचे तेल चोळतात. चिनी जहाजांची मात्र त्याने वाहवा केली आहे. ते लोक चुना, बारीक कापलेला ताग आणि एका झाडाचे तेल एकत्र कुटून त्याचा चिकट गोळा करीत आणि तो तळाला लावीत.

मार्को पोलोने नाक मुरडले खरे, पण माशाच्या तेलाला कमी लेखण्याचे कारण नाही. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृतात तेल भरपूर असते. ते लाकडाच्या अंगात मुरते, लाकूड उन्हात तडकू देत नाही आणि पाणी आत शिरू देत नाही. गुजरातपासून केरळापर्यंत होड्यांना हे तेल लावण्याची चाल होती. त्याचा वास मात्र विचारू नका!

पाण्याच्या वर राहणाऱ्या फळ्यांना तेल पुरते. पाण्याखालच्या तळाला ते पुरत नाही, कारण तिथे शत्रू निराळा. इंग्रजीत त्याला जहाजाचा किडा म्हणतात, पण तो किडा नव्हे. तो शिंपल्याच्या जातीचा, मऊ लांबट अंगाचा प्राणी आहे. डोक्याशी दोन इवल्याशा शिंपा असतात, त्यांनी तो लाकूड कातरतो. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि मग आतल्या आत वाढत, पोखरत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. आतून तिचे मधमाश्यांचे पोळे झालेले असते. १७३१च्या सुमारास हॉलंड देशात समुद्राला आवर घालणाऱ्या बांधांचे लाकडी खांब या प्राण्याने खाल्ले, आणि सबंध देशाची झोप उडाली. त्यांना अखेर लाकूड सोडून दगड वापरावा लागला.

या प्राण्याला शिरायला टाचणीएवढी जागा पुरते, हे ध्यानात ठेवा. म्हणजे लेप किती जाड आहे याला फारसा अर्थ नाही. शंभर ठिकाणी बोटभर जाड थर दिला आणि एका ठिकाणी तीळभर जागा कोरडी राहिली, तर सगळी मेहनत पाण्यात. तिथून तो आत शिरणार आणि लेपाच्या मागे सुरक्षित बसून फळी खाणार.

म्हणून तळाला चुन्याचा लेप आला. चुना आणि तेल, किंवा चुना आणि चरबी, घोटून एकजीव केले की एक प्रकारचा साबण तयार होतो. पण हा आपल्या कपड्यांच्या साबणासारखा पाण्यात विरघळत नाही. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो तो मुलांना जरूर दाखवावा. तो चोथा आणि गलबताच्या तळाचा लेप एकाच घराण्यातले. अरब खलाशी हा चुना-चरबीचा लेप ओहोटीच्या वेळी जहाज कोरडे पडले की तळहातांनी लावीत. ब्रश असून नसल्यासारखा. कारण तळहाताला खाचखळगे कळतात, कुठे सुटले ते कळते. दोन भरत्यांच्या मध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात सगळा तळ पुरा करायचा. पाणी कुणासाठी थांबत नाही.

आपल्याकडे सातपाटीचा मचवा प्रसिद्ध. मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांतून 'सातपाटी पद्धतीचा मचवा' असा त्याचा वेगळा उल्लेख येतो: टोकदार नाळ, सरळ तळ, रुंद पोट. लाकूड सागाचे. साग तेलकट आणि टिकाऊ, तरी या शिंपल्यापुढे तोही कायमचा टिकत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा फटींत कापूस ठासणे, तळ खरवडणे, तेल देणे ही कामे चालतात. नारळी पौर्णिमेला सजलेली होडी आपण पाहतो आणि तिच्या रंगाचे कौतुक करतो. मांगेला किंवा कोळी नाखव्याची नजर मात्र आधी खाली जाते, तळाकडे.

याच पट्ट्यात वसईजवळचे आगाशी हे गाव सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. पोर्तुगीजांनी ते जाळले, आणि पुढे वसई हातात आल्यावर इथल्याच सागावर आपली जहाजे बांधली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारीत तारापूर आणि मे महिन्यात वसई मराठ्यांनी घेतली. त्या लढ्याच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, म्हणून इथे त्या सांगत बसत नाही. एवढेच म्हणतो, की किल्ल्याच्या बुरुजावर जेवढे लिहिले गेले तेवढे त्याखालच्या खाडीत नांगरलेल्या गलबतांवर लिहिले गेले नाही. हे काही बरे झाले नाही.

मुंबईच्या गोदीत १७३६च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी मिस्त्री आले आणि त्यांच्या घराण्याने दीडशेच्या आसपास वर्षे जहाजे बांधली. त्यांच्या हातची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे! सागवानाची ही थोरवी.

तोवर युरोपात लेपाच्या जागी तांब्याचा पत्रा आला होता. १७६१ साली इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांबे मढवले. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आले. किडा नाही, शेवाळ नाही, सगळे खूश. पण पत्रा उचकटून पाहिला तर आतले लोखंडी खिळे गंजून लगदा झालेले! खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंडाचा बळी जातो. विजेच्या घटातली जी क्रिया, तीच इथे. गंमत अशी की काही खिळे मात्र शाबूत निघाले. का? तर पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये तो कागदाचा थर जिथे होता तिथे लोखंड वाचले, जिथे नव्हता तिथे गेले. ज्यांनी कामचुकारपणा केला त्यांच्याच हातून शोध लागला म्हणायचा.

विसाव्या शतकात रसायनांचा काळ आला. १९६०च्या पुढे कथिलापासून बनवलेले एक भयंकर विष तळाच्या रंगात घालू लागले. ट्रायब्युटिल टिन असे त्याचे नाव. काम चोख! एकही शिंपला चिकटेना. पण ते विष रंगात राहिले नाही, पाण्यात उतरले. फ्रान्समधल्या आर्काशोन उपसागरात १९७०च्या दशकाच्या शेवटी कालवांची शेती बसली, कालवांचे कवच वेडेवाकडे होऊ लागले. फ्रान्सने १९८२ साली लहान होड्यांवर या रंगाला बंदी घातली, आणि २००१ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात येऊन तो जगभर बंद झाला. होडी वाचवताना खाडीतली कालवे मेली तर कोळ्याने काय कमावले?

तेलाचीही अशीच कथा आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा प्रचंड पण गरीब स्वभावाचा मासा त्याच्या यकृतातल्या तेलासाठी मारला जाई, आणि ते तेल होड्यांना चोपडले जाई. २००१ साली केंद्र सरकारने त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले. होडीला तेल हवे, हे खरे. पण त्यासाठी तीस-चाळीस फुटांचा जीव मारायचा, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

आता किनाऱ्यावरून थोडे आत, स्वयंपाकघरात येऊ. कल्हईवाला तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. भाता, कोळसे, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा. भांडे तापवायचे, नवसागराची भुकटी टाकायची, धुराचा लोट उठतो आणि धातूवरचा मळ निघून जातो; मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि बोळ्याने एका फिरक्यात सगळीकडे पसरायची. भांडे थंडावले की कथील पसरत नाही, फार तापले की करपते. आणि एखादा डाग सुटला तर? त्या भांड्यातले ताक, आमटी कळकते. कळकणे हा शब्द लेपातल्या सुटलेल्या डागासाठीच जणू आपल्या भाषेत तयार झाला. जाडीचा प्रश्न इथेही नाही. प्रश्न सुटलेल्या जागेचा.

एवढी तयारी झाल्यावर मोटारीकडे वळू. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८च्या सुमारास आल्या. त्या बघीच्या बहिणी होत्या. त्यांचे अंग बरेचसे लाकडाचे आणि त्यावरचा रंगही बघीचाच, म्हणजे तेल आणि राळ यांचे वार्निश. एकावर एक पुष्कळ हात, प्रत्येक हात वाळायचा, घासायचा, पुन्हा हात. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. हेन्री फोर्डने १९१४पासून आपली गाडी काही वर्षे फक्त काळ्याच रंगात काढली. त्यानंतर १९२३ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने ड्यूको नावाचा रंग काढला. तो फवारता येई आणि झटपट वाळे. आठवड्यांचे काम तासांवर आले, रंगांची निवड खुली झाली. पण या रंगाची चमक उन्हाने लवकर उडे. ती राखायची तर वर मेण घासावे लागे. मोटारीला मेण लावण्याची चाल फोफावली ती अशी.

मेण कुठले? आपल्या मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या पत्र्यावर हात ठेवून पाहा, म्हणजे ते एकटे का पुरत नाही हे कळेल. ब्राझील देशाच्या ईशान्य भागात कारनौबा नावाचा ताड आहे. कोरड्या हवेत पाण्याचा थेंब बाहेर जाऊ नये म्हणून हे झाड आपल्या पानांवर मेणाचा थर चढवते. पाने वाळवून झोडपली की हे मेण पापुद्र्यांनी गळते. ते ८० अंशांच्याही वर टिकते आणि काचेसारखे चमकते. त्यात मऊ मेण आणि टर्पेंटाइन मिसळले की मोटारीचे मेण झाले. अलीकडे कारखान्यात बनवलेले कृत्रिम लेपही मिळतात, ते मेणापेक्षा जास्त महिने राहतात.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी २०००च्या सुमारापर्यंत बनत होती, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. या टॅक्सीवाल्यांना विचारले असते तर त्यांनी तुम्हाला मिठाच्या हवेविषयी पुस्तकभर सांगितले असते.

हीच हवा बोईसर-तारापूरला आहे. समुद्राच्या लाटा फुटतात, त्यांचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर आत येतात, पाणी उडून जाते आणि पत्र्यावर मीठ उरते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ना? हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की मीठ हवेतूनच पाणी ओढते. म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा खाऱ्या पाण्याने ओला! १९७०नंतर इथे औद्योगिक वसाहत वाढली, रसायनांचे कारखाने आले, त्यांची धूळ आणि वाफ वेगळी. तारापूरचे अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९मध्ये वीज देऊ लागले. तेही थंड ठेवायला समुद्राचेच पाणी लागते, आणि अशा केंद्रांना नळांत चिकटणाऱ्या शिंपल्यांशी झगडावे लागते. अणू फोडणाऱ्यालाही नाखव्याचाच शत्रू!

आता प्रत्यक्ष लेप कसा द्यावा, हे सांगतो. गावातल्या जीपगाडीला किंवा ट्रॅक्टरच्या टपालाही तो तसाच लागू आहे. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, म्हणजे मीठ आणि वाळू निघून जाईल. वाळूच्या कणावर फडके घासलेत तर मेणाऐवजी ओरखडे द्याल. पूर्ण कोरडी करा. सावलीत न्या, आणि पत्रा हाताला थंड लागू द्या. मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाएवढे असतात. त्यावर मेण ते किती द्यायचे? बोटाच्या पेराएवढे घेऊन टोपणाचा, म्हणजे बॉनेटचा, अर्धा भाग झाकता आला पाहिजे. एकदम सगळी गाडी माखू नका. हातभर चौकोन घ्या, एका दिशेने सरळ ओळी मारा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर थोडी चढवा, आणि मग त्यावर आडव्या ओळी मारा. सारवणाऱ्या बाईचा तो अर्धगोल आठवा. थोड्या वेळाने वर धुरकट साय येते. बोट फिरवून पाहिल्यावर खाली स्वच्छ चमक दिसली की मऊ, धुतलेल्या सुती फडक्याने पुसून घ्या.

जाड लावले तर बिघडते काय? रंगाला चिकटतो तो फक्त त्याला टेकलेला थर. वरचा जास्तीचा थर कुणालाच धरून नसतो. शिवाय त्याचा वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतले ओलेच राहते. पुसायला गेलात की ते फरफटते आणि पट्टे उमटतात. उन्हात लावले तर पसरायच्या आतच वाळते. कल्हईच्या भांड्याची गोष्ट इथे उलटी होते: तिथे थंडी नको, इथे ऊन नको.

शिक्षक मंडळींसाठी एक साधा प्रयोग. तीन लोखंडी खिळे घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यावर मेणबत्तीचे पातळ झालेले मेण सगळीकडून सारखे बसवा. तिसऱ्यावर तेच मेण द्या आणि सुईने एक बारीक रेघ ओढा. तिन्ही मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर आठवडाभर ठेवा. तिसऱ्या खिळ्यावर गंज नेमका कुठे धरतो ते मुलांना पाहू द्या. तुम्ही सांगू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मेण राखते ते वरच्या रंगाला. बोईसरची गाडी सडते ती बहुधा खालून: दाराच्या आतल्या कडा, चाकावरचे पंखे, तळाचा पत्रा, जिथे चिखल आणि मीठ साचून बसते. टप आरशासारखा आणि तळ चाळणीसारखा, अशा गाड्या या भागात पुष्कळ. नाखवा आधी तळ पाहतो, मोटारवाला आधी टप पाहतो. पावसाळ्यानंतर एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतली तर वर्षाच्या मेणापेक्षा तिचा जास्त फायदा होतो, असे माझे मत आहे.

किनाऱ्यावर आता लाकडाच्या होड्यांबरोबर फायबरच्या होड्या दिसतात. त्यांना किडा लागत नाही, चुना लागत नाही, मुशीचे तेलही लागत नाही. पण त्या बनतात कशा, ते पाहिले तर मजा वाटेल. आधी होडीच्या आकाराचा साचा असतो. साच्याच्या आतून काचेच्या धाग्यांचे कापड आणि चिकट राळ यांचे थर देतात. ते वाळून कडक झाले की होडी साच्यातून सुटून बाहेर यावी लागते. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी साच्याला आतून मेण लावतात, तेच कारनौबा ताडाचे मेण, जे मोटारीला लावतात. एक हात, पुसणे, थांबणे, दुसरा हात, असे कितीतरी हात. कोपऱ्यात एखादी तळहाताएवढी जागा जरी सुटली, तरी नेमकी तिथेच होडी साच्याला धरून बसते, आणि मग चार माणसे लाकडी पाचरी घेऊन ती सोडवत बसतात.